हत्यारांवाचून दुरुस्तीचा हक्क कसला?

‘दुरुस्तीचा हक्क’ हा शब्दप्रयोग आता सरकारी कागदांतही रुळला आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये या विषयावर समिती नेमली, तिच्या कक्षेत मोटारी घातल्या आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात एक संकेतस्थळही उघडले. संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे, हे बाजूला ठेवू. प्रश्न त्याहून साधा आहे. आपली मोटार आपण उघडावी असे ज्याला वाटते, त्याच्या हाती ती उघडण्याचे हत्यार कोण देणार?

आपल्यातील काही साथी म्हणतील की, हा सुखवस्तूंचा विषय आहे. पक्षाला त्याचे काय? वस्तुस्थिती उलट आहे. सुखवस्तू माणूस गाडी शोरूमकडे धाडतो आणि बिल भरतो. स्वतः गाडीखाली शिरण्याची पाळी येते ती जुनी मोटार भाड्याने चालवणाऱ्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या हाताची गाडी घेतलेल्या नोकरदारावर आणि नाक्यावरच्या मिस्त्रीवर. मोटार त्याच्या मालकीची असते. तिच्या आत शिरण्याची वाट मात्र कंपनीच्या मालकीची राहते.

दुसरा एक वर्ग जुगाडाची आरती ओवाळतो. भारतीय माणूस हातोडी आणि तारेच्या तुकड्यावर काहीही दुरुस्त करतो, असे कौतुक हे लोक वातानुकूलित सभागृहांत करतात. गरिबाची अगतिकता हाच त्याचा गुण ठरवण्याची ही जुनी युक्ती आहे. चाकाचे बेअरिंग हातोडीने ठोकून बसविले, तर घाव गोळ्यांतून कड्यांवर जातो, तेथे खाचा पडतात आणि पुढे चाक घोंघावू लागते. हेडचे बोल्ट टॉर्क रेंचवाचून, नुसत्या मनगटाच्या अंदाजाने आवळले, तर गॅस्केट गळू लागते. टायमिंग बेल्ट बदलताना कॅम आणि क्रँक जागच्या जागी अडकवणाऱ्या पिना नसल्या आणि बेल्टचे दात चुकले, तर पुष्कळशा इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून व्हॉल्व्ह वाकतात. शॉकअब्सॉर्बरवरची स्प्रिंग कॉम्प्रेसरऐवजी साखळदंडाने बांधून नट सोडणारा माणूस तर जिवाशी खेळतो. जुगाडाची किंमत अशी हाडामांसात मोजावी लागते, आणि ती कौतुक करणाऱ्यांना मोजावी लागत नाही.

तरीही ही हत्यारे लोखंडाची आहेत. पुलर लेथवर बनवून घेता येतो, आणि आपल्या मिस्त्रींनी तसे अनेकदा केलेही आहे. खरा फास पुढेच आहे. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकच्या अनेक मोटारींत मागचे ब्रेक-पॅड बदलायचे, तर आधी स्कॅनरने आज्ञा देऊन कॅलिपरची मोटर मागे घ्यावी लागते. बाजारातला स्वस्त कोड-रीडर प्रदूषणाशी निगडित दोष वाचतो. कंपनीच्या खास आज्ञा बहुधा त्याला ठाऊक नसतात. संगणकाचा परवलीचा शब्द कोणत्याही लेथवर कातून मिळत नाही.

या मिरासदारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने बोट ठेवले होते. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि सुटे भाग व दोषनिदानाची हत्यारे स्वतंत्र गॅरेजांना मिळाली पाहिजेत, असा आदेश दिला. त्यानंतर प्रकरण अपिलांच्या वाटेला लागले आणि नाक्यावरच्या मिस्त्रीपर्यंत पोचले ते केवळ वर्तमानपत्रातील बातमी म्हणून. कंपन्यांचा एक बचाव सुरक्षिततेचा होता: बाहेरच्यांना काम येत नाही, त्यातून अपघात होतील. सुरक्षिततेची एवढी कळकळ असेल, तर योग्य हत्यार आणि दुरुस्तीची पुस्तिका अडवून ठेवणाऱ्यालाच प्रथम जबाबदार धरले पाहिजे! युरोपीय संघाने २००७च्या नियमांत स्वतंत्र दुरुस्तीकारांना तांत्रिक माहिती देण्याचे बंधन उत्पादकांवर घातले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ आणि २०२० अशा दोन वेळा मतपेटीतून कौल दिला. या दोन्ही ठिकाणी मोटार-उद्योग काही बुडाला नाही.

कायदा होईपर्यंत हात बांधून बसण्याचेही कारण नाही. वर्षातून एकदा लागणारे हत्यार प्रत्येकाने विकत घ्यावे, ही अपेक्षा वेडगळ आहे. भांडवलशाहीच्या माहेरघरी, अमेरिकेतील बर्कली शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने १९७९पासून पुस्तकांप्रमाणे हत्यारेही उसनी देण्यास आरंभ केला. तेथील सुट्या भागांची मोठी दुकाने अनामत घेऊन पुलर आणि कॉम्प्रेसर घरी नेऊ देतात. सहकाराचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्राला हे अवघड का वाटावे? शेतकरी गटांच्या अवजारे बँकांना येथे सरकारी अनुदान मिळाले आहे. अनेक औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम चालतो, मात्र वर्ग सुटले की कार्यशाळेला कुलूप लागते. ते कुलूप सायंकाळी दोन तास उघडावे, शिक्षकाच्या देखरेखीखाली गावकऱ्यांना व मिस्त्रींना हत्यारे वापरू द्यावीत आणि शिक्षकाला त्याचा वेगळा मोबदला द्यावा, ही मागणी तालुका शाखांनी आपल्या निवेदनात घालावी. मिस्त्रींची सहकारी संस्था जेथे उभी राहू शकेल, तेथे पहिल्या वर्गणीतून टॉर्क रेंच, स्प्रिंग कॉम्प्रेसर, बेअरिंग पुलर आणि त्या भागात चालणाऱ्या गाड्यांच्या टायमिंग पिना घ्याव्यात. स्कॅनर घेतला तरी कंपनीच्या कुलपाची किल्ली वर्गणीतून येणार नाही. त्यासाठी विधिमंडळात आणि संसदेत भांडावे लागेल.