संस्कार रक्तात असतात का?

व्यापारी घराण्यांत सोयरीक जुळविताना ‘घराणे नामांकित आहे, संस्कार रक्तातच आहेत’ असे मोठ्या विश्वासाने म्हटले जाते. या म्हणण्यात तथ्य किती, याचा विचार करावयास रायगड जिल्ह्यातील दोन उदाहरणे पुरेशी आहेत. एक समुद्रकाठचे आहे, दुसरे एका घरातले.

श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर व हरिहरेश्वर येथील पुळणीवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची कासवमादी रात्री येते. वाळूत खड्डा करून ती शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात परतते. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात, तेव्हा आई जवळ नसते. समुद्राकडचा उजेड पाहून ती आपोआप पाण्याकडे धावतात. त्यांना हवे ते ज्ञान जन्माबरोबरच मिळालेले असते. कासवापुरते बोलावयाचे, तर ‘रक्तातच आहे’ हे अगदी खरे.

मनुष्याचे मूल मात्र अनेक वर्षे परावलंबी असते. त्याचा सांभाळ व्हावा म्हणून निसर्गाने आईला वात्सल्य दिले. सस्तन प्राण्यांत प्रसूती व स्तनपानाच्या वेळी ऑक्सिटोसिन नावाचे द्रव्य स्रवते आणि मातेची अपत्याविषयीची ओढ दृढ करते. चार्ल्स डार्विन यांनी १८७१ साली नीतीचे मूळ समूहाने राहणाऱ्या प्राण्यांच्या परस्पर सहानुभूतीत शोधले. १९६४ साली विल्यम हॅमिल्टन यांनी गणिताने दाखविले की, आप्तांसाठी झीज सोसण्याची वृत्ती त्या आप्तांच्या संततीद्वारेच पुढे टिकते. नाते जितके जवळचे, तितकी अधिक झीज परवडते. व्यापाऱ्यास हा हिशेब सहज कळेल. परंतु ज्याचा कोणीच आप्त नाही, त्याच्या नावाचे खाते या वहीत नाही.

ते खाते कसे उघडते, हे पेण तालुक्यातील गागोदे गावी दिसते. विनोबा भावे यांचा जन्म तेथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी झाला. त्यांच्या घरी एक अंध वृद्ध राहत असत. मुले त्यांना काका समजत. पुढे कुटुंब बडोद्यास गेले. काका गागोद्यासच राहिले. एके दिवशी त्यांच्या निधनाचे पत्र आले. पण घरात सुतकाचे स्नान झाले नाही. बालक विनोबांनी कारण विचारले, तेव्हा आई रुक्मिणीबाईंनी सांगितले की, ते आपल्या नात्याचे नव्हते. निराधार होते, म्हणून आपल्याकडे राहत होते. इतकी वर्षे मुलांना त्याची शंकाही आली नव्हती.

‘परक्यावर प्रेम करा’ असा उपदेश त्या घरात कोणी केला नव्हता. परका घरच्यासारखा वागविला जात होता, इतकेच. आप्तांविषयीची निसर्गदत्त ममता त्याच्यापर्यंत आपोआप पोहोचली. निसर्ग जिव्हाळा देतो. त्याची सीमा कोठवर न्यावयाची, हे घर ठरविते.

जैन आचारही हेच शिकवितो. केवळ स्वजनांवरील माया हा मोह. मैत्री सर्व जीवांविषयी आणि कारुण्य प्रत्येक दुःखी जीवाविषयी हवे. अणुव्रते वारशाने मिळत नाहीत, ती प्रत्येकाने स्वतः घ्यावी लागतात. उत्तराध्ययन सूत्रही मनुष्याची योग्यता जन्मावरून नव्हे, कर्मावरून ठरविते. याच विनोबांच्या प्रेरणेने जिनेंद्र वर्णी यांनी ‘समणसुत्तं’ संकलित केले आणि १९७४ साली, भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने, सर्व जैन संप्रदायांच्या प्रतिनिधींनी एकत्र येऊन त्यास मान्यता दिली. आपल्या पंथापलीकडे पाहण्याची ही दृष्टी गागोद्याच्या त्या घराशी सुसंगतच आहे.

म्हणूनच आजच्या घरांनी एका गोष्टीची चिंता करावयास हवी. पूर्वी मुनीम, गावाहून आलेला होतकरू मुलगा, एखादी निराधार आत्या-मावशी एकाच पंगतीस बसत आणि मुले ते पाहत. आता दान थांबलेले नाही. कदाचित वाढलेही असेल. पण ते धर्मादाच्या खात्यातून परस्पर जाते आणि पावती फाइलीत लागते. ज्याला ते मिळते, त्याचा चेहरा घरातील मुलास दिसत नाही. दातृत्वाची परंपरा हिशेबात चालू राहते आणि मुलाच्या मनापर्यंत पोहोचत नाही.

यावर उपाय अवघड नाही. पर्युषणात पावती फाडताना मुलास सोबत न्यावे. दुकानातील हमालाच्या घरी आजारपण असेल, तर चौकशीस त्यालाच पाठवावे. सुटीत एखादा गरजू विद्यार्थी चार दिवस आपल्याच ताटांच्या ओळीत बसू द्यावा आणि तो कोणाचा कोण, हे मुलांना मुद्दाम सांगू नये. त्यांनी विचारले, तर रुक्मिणीबाईंनी दिले तेवढेच साधे उत्तर द्यावे.