‘थांबू, बघू’ हाही निर्णयच!

गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या दंडावर गोल, खोलगट व्रण असतात. लहानपणी आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, दंडावरचे ते व्रण बोटाने चाचपण्याचा मला नाद होता. “देवी काढल्यात त्या,” आबा सांगत. गावात देवी काढणारा आला की आयाबाया पोरांना कणगीच्या आड लपवून ठेवीत. आबांच्या वडिलांनी मात्र आपल्या मुलाला हाताला धरून चावडीवर नेले होते. त्यांचा सख्खा भाऊ देवीने गेला होता. त्यांना आणखी कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नव्हती. आपल्या भाषेने रोगाला, त्या रोगाच्या देवतेला आणि त्यावर टोचून घेण्यालाही एकच शब्द दिला आहे. भय, भक्ती आणि उपाय ही तिन्ही एकाच घरात नांदत होती, एवढे त्यावरून कळते.

हेच आबा पुढे चौऱ्याहत्तराव्या वर्षी लसीच्या दारातून परत फिरले. त्याची ही हकिकत आहे आणि तिच्यात माझाही वाटा आहे.

२०२१ सालचा मार्च महिना. १६ जानेवारीपासून देशात कोरोनाची लस देण्यास प्रारंभ झाला होता आणि १ मार्चपासून साठीच्या पुढच्या माणसांची पाळी आली होती. मी तेव्हा प्रथम वर्ष कला वर्गात होतो. म्हणजे नाव कॉलेजात आणि मी गावी, मोबाइलवर तास ऐकत. आबांनी मला विचारले, “तू शिकलेला. तू सांग, घ्यावी का न घ्यावी?”

मी सांगितले, “थोडं थांबू, आबा. आधी लोकांना घेऊ द्या. काय होतंय ते बघू.”

हे उत्तर देण्यापूर्वी मी काही वाचले होते काय? नाही. कोणा डॉक्टरांना विचारले होते काय? तेही नाही. शेजारच्या काकांना लस घेतल्यावर दोन दिवस ताप आला होता आणि मोबाइलवर उलटसुलट मजकुराचा पूर लोटला होता. एवढ्या भांडवलावर मी सल्ला दिला. आणि तो सावधपणाचा दिसत असल्यामुळे मला स्वतःलाही शहाणपणाचा वाटला.

तरीही आबा एकदा केंद्रावर गेले. त्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. ती चालू असताना सुई घेतलेली चालेल का, एवढेच त्यांनी विचारले. प्रश्न अगदी योग्य होता. अशी गोळी घेणाऱ्याने ते आधी सांगावे, असे लसीच्या माहितीपत्रकातच म्हटले होते. पण टेबलामागच्या गृहस्थांनी वर न पाहताच फर्मावले, “घ्यायची तर घ्या, नाहीतर बाजूला व्हा. मागं रांग आहे.” आबा बाजूला झाले आणि घरी आले. आजीचे म्हणणे, “ते घेतील तवा मी घेईन.” तीही राहिली.

एप्रिलच्या अखेरीस आमचे घर आजारी पडले. आबा तीन आठवड्यांनी उठले. आजी मे महिन्यात तालुक्याच्या दवाखान्यात गेली. तिला शेवटचे पाहायलाही आम्हाला नीट मिळाले नाही.

लस घेतली असती तर आजी वाचलीच असती, असे मी म्हणणार नाही. एका माणसाबद्दल तसे कोणालाच सांगता येत नाही. लसीचा हिशेब हजारांचा आणि लाखांचा असतो. घरात मात्र माणूस एकच असतो. पण तिची जी काही संधी होती, ती माझ्या एका बेफिकीर वाक्याने कमी केली, हे मला नाकारता येत नाही.

तेव्हापासून या प्रश्नाकडे मी इतिहासाचा विद्यार्थी म्हणून पाहू लागलो. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा रुग्ण डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखला. ओडेसात जन्मलेले वाल्देमार हाफकिन मुंबईस आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत, काही महिन्यांत, त्यांनी लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैदी ‘स्वेच्छेने’ पुढे आले. कैद्याची स्वेच्छा कितपत स्वतंत्र असते, हा प्रश्न आज आपण अवश्य विचारावा. पण लस घेतलेल्यांत प्लेग बराच कमी आढळला, हेही खरे. पुढे तरुण आगाखान यांनी आपल्या खोजा समाजाची भीती जावी म्हणून चारचौघांसमक्ष ती टोचून घेतली.

त्याच वर्षी पुण्यात काय चालले होते? रँडसाहेबाच्या अमलाखाली गोरे शिपाई घरात शिरत होते. देवघर पाहत नव्हते, माजघर पाहत नव्हते. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत त्याच्यावर गोळी झाडली गेली. आणि त्याच पुण्याच्या परिसरात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. एकच रोग, एकच साल; एकीकडे जबरदस्ती आणि दुसरीकडे सेवा. लोकांच्या मनातील संशय केवळ अडाणीपणातून उगवतो, असे समजणाऱ्यांनी हा इतिहास पुन्हा वाचावा.

लसीने अपाय होऊ शकतो ही भीतीही नुसती कल्पना नव्हती. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी एकशे सात जणांना प्लेगची लस दिली; त्यांपैकी एकाच बाटलीतून लस दिलेले एकोणीस जण धनुर्वाताने मेले. ठपका हाफकिन यांच्यावर आला. दोष त्यांच्या प्रयोगशाळेचा नव्हता, हे मान्य होण्यास १९०७ साल उजाडले. त्यांनी उभारलेल्या परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचेच नाव मिळाले. त्या एकोणीस जणांमुळे लस खोटी ठरली नाही. पण लस खरी ठरली म्हणून ते एकोणीस जण विसरण्याजोगेही होत नाहीत.

आता आपल्या काळाचा हिशेब मांडू. पुण्यात तयार झालेली कोविशील्ड आपल्यापैकी बहुतेकांनी घेतली. या जातीच्या लसीने क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात, हे युरोपच्या औषध नियामकाने एप्रिल २०२१ मध्येच मान्य केले होते. तिथल्या अंदाजाप्रमाणे हे प्रमाण लाखामागे सुमारे एक. कोव्हॅक्सिनला जानेवारी २०२१ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा तिच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचा निष्कर्ष हाती आलेला नव्हता. म्हणजे शंका घ्यायला जागा होती. पण तराजूला दोन पारडी असतात. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला कोरोनाने मरण येण्याचा धोका लाखात एक नव्हता. तो शेकड्यात मोजण्याइतका होता. आम्ही एकच पारडे पाहत बसलो आणि दुसऱ्यात काय आहे ते पाहिलेच नाही.

माझी गोष्ट वेगळी होती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. विशीच्या आतबाहेरच्या मुलाला रोगाचाही धोका कमी. म्हणूनच त्या एप्रिलात ब्रिटनने तिशीच्या आतल्यांना शक्य तेथे दुसरी लस देण्याचे ठरवले. वय बदलले की हिशेब बदलतो. मग मी लस का घेतली? घरात आबा होते म्हणून. लस घेतलेल्यालाही लागण होते आणि त्याच्याकडून ती दुसऱ्यापर्यंत पोचू शकते, हे पुढे दिसून आले. तेव्हा मी पूर्ण कवच झालो नव्हतो. पण थोडे कवच हे मुळीच कवच नसण्यापेक्षा बरे, एवढे मला त्या वर्षाने शिकवले होते.

‘थांबू, बघू’ म्हणणाऱ्याला वाटते की आपण अजून काही ठरवलेले नाही. हाच भ्रम आहे. साथ आपल्यासाठी थांबत नाही. थांबणे हाही एक निर्णयच असतो आणि त्याचीही किंमत मोजावी लागते. फरक इतकाच की त्यावर सही करावी लागत नाही. शिवाय ‘आधी लोकांना घेऊ द्या’ म्हणताना ते ‘लोक’ कोण असतात? तेही कोणाचे तरी आबा आणि आजीच ना?

मग सक्ती करावी काय? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २ मे २०२२ च्या निकालात सांगितले की, कोणावर लस घेण्याची जबरदस्ती करता येणार नाही. आणि लसीनंतरच्या दुष्परिणामांची माहिती लोकांपुढे ठेवावी, असेही बजावले. या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या नाहीत. नकाराचा हक्क ज्याला आहे, त्याला माहितीचाही हक्क आहे. आणि ज्याला माहिती नीट मिळते, तो बहुधा विनाकारण नकार देत नाही.

याचा पुरावा माझ्याच घरात आहे. बरे झाल्यावर तीन महिने थांबून, ऑगस्टात, आबा पुन्हा केंद्रावर गेले. या वेळी मी सोबत होतो. त्यांनी तोच प्रश्न विचारला. टेबलापाशी एक परिचारिका होत्या. त्यांनी गोळीचे पाकीट मागून घेतले, वाचले, आत जाऊन डॉक्टरांना विचारून आल्या आणि म्हणाल्या, “चालेल बाबा. सुई दिल्यावर जरा जास्त वेळ दाबून धरा, आणि अर्धा तास इथंच बसा.” या सगळ्याला फार तर पाच मिनिटे लागली असतील. आबांनी बाही वर केली. मार्चमध्ये कोणाजवळही नसलेली ती पाच मिनिटे हीच होती. केंद्रावरच्या गृहस्थांजवळ ती नव्हती. आणि घरात रिकामा बसलेल्या माझ्याजवळही नव्हती.

मित्रहो, आपण कला शाखेचे विद्यार्थी. लस तयार करणे हे आपले काम नव्हे. पण घरात, गल्लीत, गावात कोणी ना कोणी आपल्याला म्हणणारच आहे, “तू शिकलेला. तू सांग.” पुढची साथ कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही, पण हा प्रश्न येणार, हे नक्की. तेव्हा ठाऊक नसेल तर ‘ठाऊक नाही, विचारून सांगतो’ म्हणावे आणि खरोखरच विचारून यावे. ‘थांबू, बघू’ एवढे मात्र सहजासहजी म्हणू नये. मी म्हटले होते.

— एम. ए. भाग २ (इतिहास)