पोळ्यापर्यंत उत्तर द्या, नाहीतर शिवारात पाय ठेवू नका

जळगाव जिल्हा प्रशासन आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण यांना जाहीर इशारा.

अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याच्या चौपदरीकरणाबद्दल सावदा परिसरातल्या शेतकऱ्यांचे म्हणणे सरळ आहे. रस्ता रुंद करा, पण आहे तोच करा. चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर ही गावे ज्या रस्त्यावर वाढली तो सोडून केळीच्या बागांतून नवी रेघ ओढाल, तर मोजणीचा एक खुंटाही ठोकू देणार नाही.

नकाशावर रेघ बारीक दिसते. बांधावर येऊन मोजा. 60 मीटर रुंदी धरली तर एका किलोमीटरला 6 हेक्टर, म्हणजे जवळपास 15 एकर जमीन जाते. पाच बाय पाच फुटांवर लावलेली केळी एकरी 1,700 च्या पुढे भरते. दर किलोमीटरला 25,000 हून जास्त खोडे आडवी होतील.

उरलेल्या रानाचे काय? विहीर एका अंगाला, बाग दुसऱ्या अंगाला. पाइपलाइन तुटली की ठिबक बंद, आणि मे महिन्याच्या उन्हात घड पोसणारी बाग पाण्याची वाट पाहत नाही. पावसाळ्यात रस्त्याचा भराव पाणी अडवणार, साचल्या पाण्यात मुळ्या कुजणार. तुमच्या कागदावर ही जमीन शिल्लक असते. आमच्या हिशोबी तीही गेली.

जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. या मातीचे आणि या फळाचे नाते सरकारनेच मान्य केले. मग दुसरीकडे जमीन घ्या, असे आम्हाला सांगू नका.

मोबदल्याचा अनुभवही ताजा आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्याने ग्रामीण जमिनीला बाजारभावाच्या चौपटीपर्यंत वाट ठेवली. 2021 साली राज्याने राष्ट्रीय महामार्गांसाठी बाजारभावाला लावायचा गुणक 2 वरून 1 केला आणि चौपट दुपटीवर आली. शेजारच्या धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे 84 वर्षांचे धर्मा पाटील प्रकल्पात गेलेल्या जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी खेटे घालून थकले. 22 जानेवारी 2018 रोजी मंत्रालयात त्यांनी विष घेतले आणि सहा दिवसांनी ते गेले. खानदेशातून पुन्हा असा माणूस जाता कामा नये.

म्हणून आमच्या तीन मागण्या :

1. नवी आखणी होणार नाही, सध्याचाच रस्ता रुंद होईल, हे लेखी द्या.

2. कोणतीही अधिसूचना काढण्याआधी गट क्रमांकांसह पूर्ण नकाशा प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत लावा. राष्ट्रीय महामार्ग कायद्यात हरकतीला 21 दिवसच मिळतात. ते नकाशा शोधण्यात घालवणार नाही.

3. रुंदीकरणात ज्यांची जमीन जाईल त्यांना जमिनीसोबत उभी बाग, विहीर, पाइपलाइन आणि तुकडे पडून निकामी झालेले रान यांचाही मोबदला द्या. पैसे खात्यावर येईपर्यंत ताबा मागू नका.

मुदत पोळ्यापर्यंत. तोवर लेखी उत्तर आले नाही, तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सजवलेल्या बैलजोड्या आणि बायका-पोरे घेऊन, भाकरी बांधून आम्ही फैजपूरच्या प्रांत कार्यालयासमोर बसू. कोणावर हात उचलणार नाही, कोणाची गाडी फोडणार नाही. पण उत्तर घेतल्याशिवाय उठणारही नाही.

डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन याच फैजपुरात भरले. देशाच्या शेतकऱ्याचे प्रश्न तिथे ठरावात उतरले. त्याच मातीत आम्ही पुन्हा बसू, या वेळी आमच्या बांधासाठी.

— सावदा परिसरातील केळी उत्पादक शेतकरी