गट ऑफिसचे संगणक आणि आपली लागण नोंद



गट ऑफिसांतले जुने संगणक 'क्लाउड'वर घ्यायचे, अशी चर्चा सध्या शेतकी विभागात चालू आहे. हा कचेरीतल्या मंडळींचा विषय, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणू नये. आपली लागण तारीख, उसाची जात, क्षेत्र आणि त्यावरून ठरणारा तोडीचा क्रम, सगळे याच यंत्रांत आहे. मालवणकडील एक सभासद परवा आम्हाला म्हणाले, "साहेबांनू, आमची नोंद ढगात ठेवतलात, ती पावसात भिजाची नाय मा?" आम्ही हसलो खरे, पण प्रश्न रास्त होता.

हा ढग म्हणजे दूर शहरात ठेवलेले मोठे संगणक, आपल्या ऑफिसशी इंटरनेटने जोडलेले. आजवर यंत्र बिघडले की माणूस पेन ड्राइव्ह घेऊन घाट चढायचा-उतरायचा, एकेका यंत्रापाशी अर्धा दिवस बसायचा. नव्या पद्धतीत यंत्राची ओळख कारखान्याच्या खात्यात एकदा नोंदवायची. मग यंत्र इंटरनेटला जोडले की आपले प्रोग्राम, कुलपे, परवानग्या ते स्वतःच उतरवून घेते. मायक्रोसॉफ्टची 'ऑटोपायलट' ही अशीच व्यवस्था. आपल्या गावच्या विकास सोसायट्याही याच वाटेवर आहेत. 63,000 सोसायट्यांचे काम एकाच सॉफ्टवेअरवर आणण्याच्या योजनेला केंद्राने 2022 साली मंजुरी दिली. शिवाय विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली. तेव्हा बदल टळणारा नाही, आणि आमचा त्याला विरोधही नाही.

आमचे म्हणणे आहे ते चालत्या यंत्रांबद्दल. नवा संगणक खोक्यातून काढून जोडणे सोपे. जुन्याला या पद्धतीत आणायचे तर बहुतेक वेळा त्याची डिस्क पुसून सगळे नव्याने भरावे लागते. खोडवा मोडून नवी लागण करण्यातलाच प्रकार, पण नांगर घालण्यापूर्वी शेतात काय उभे आहे ते बघायला नको का? कारखान्याच्या मुख्य प्रोग्राममधली नोंद सुरक्षित राहील. पण चिटबॉयने दुरुस्त केलेल्या तारखा, क्षेत्र फेरमोजणीच्या याद्या, वारस नोंदीचे अर्ज हे त्याच टेबलावरच्या डिस्कमध्ये असतात, आणि पुष्कळसे श्रीलिपीत टाइप केलेले. नव्या यंत्रात तो फाँट नसेल तर फाइल असूनही वाचता येत नाही, नुसती चिन्हांची रांगोळी दिसते. आडसाली उसाची तारीख चुकून सुरूची झाली तर सोळा-अठरा महिने सांभाळलेला ऊस तुरे येऊन उभा राहील. तो तोटा संगणकवाल्याचा नव्हे, तुमचा.

दुसरे, वजनकाट्याचा संगणक. तो काट्याला स्वतंत्र केबलने जोडलेला असतो. त्याला या घाईत हात लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. काटा पावती अडली की बिल अडते, आणि ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे देण्याचा 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम कागदावरच राहतो.

आणि लाइन गेली तर? मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा वीज आणि मोबाइल यांचे काय झाले ते मालवण-देवगडच्या माणसाला सांगायला नको. मोठ्यांचीही तीच गत. 19 जुलै 2024 रोजी एका सुरक्षा कंपनीची सदोष दुरुस्ती आपोआप जगभर पोचली आणि सुमारे 85 लाख संगणक बंद पडले. हैदराबादच्या विमानतळावर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले, आणि पुष्कळ यंत्रे माणसाने एकेकापाशी बसूनच चालू करावी लागली. करूळ घाट बंद पडला की आपण दुसरा घाट धरतो. इथेही दुसरी वाट हवी. इंटरनेट नसताना ऑफिसात नोंद लिहिता यावी, तोडीची चिठ्ठी देता यावी, आणि छापील नोंदवही कपाटात असावी.

म्हणून आम्ही सुचवले आहे की हे काम हंगाम संपल्यापासून मिरगापर्यंतच करावे. पुढे पाऊस, आणि लगेच आडसालीच्या नोंदी सुरू होतात. आधी एकच गट ऑफिस घ्यावे, तिथे महिनाभर काम चालवून बघावे, मग बाकीची. दिवस थोडे आहेत हे मान्य, पण तोडणी ऐन भरात असताना डिस्क पुसणारा माणूस आम्हाला ऑफिसात नको.

आपल्याकडून एवढेच हवे. आपल्या गटाची पाळी जाहीर झाली की सातबारा आणि मागची काटा पावती घेऊन ऑफिसात यावे. लागण तारीख, क्षेत्र आणि बँक खाते पडद्यावर स्वतः वाचून बघावे, आणि छापील उताऱ्यावर चिटबॉयची सही घेऊन तो घरी ठेवावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी शाळेत जाणाऱ्या नातवाला सोबत आणावे.