रँक्ड बटण आणि गार पडलेले हात

शनिवार, रात्रीचे साडेदहा. लॅपटॉप चालू, हेडफोन कानावर, पाण्याची बाटली शेजारी. एज ऑफ एम्पायर्स २ उघडलेलं आणि माउसचा बाण 'रँक्ड'च्या बटणावर. आणि मी काय करतोय? तर व्हॉट्सअ‍ॅप बघतोय. मग उठून परत पाणी पितोय. मग सेटिंगमध्ये जाऊन हॉटकीज तपासतोय, ज्यांना मी सहा महिन्यांत हात लावलेला नाही. अकरा वाजले की 'आज उशीर झाला ब्वा' म्हणत लॅपटॉप बंद!

असे चार महिन्यांचे शनिवार मी घालवलेत. सत्तावीस वर्षांचा घोडा, प्रॉडक्शनवर रात्री दोन वाजता डिप्लॉयमेंट करताना हात थरथरत नाहीत, आणि इथे घाबरतोय कशाला, तर जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यातला एक अनोळखी माणूस माझ्या पिक्सेलच्या गावात घोडे घुसवेल म्हणून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा गेम १९९९ चा. आमच्या पिढीने तो चुलतभावांच्या कॉम्प्युटरवर, एकाने माउस धरून आणि तिघांनी सल्ले देत खेळलाय. २०१९ मध्ये त्याची डेफिनिटिव्ह एडिशन आली आणि रँक्ड एकास-एक मॅचेस सोप्या झाल्या. बटण दाबा, तुमच्या ताकदीचा कुणीतरी मिळतो. तीन गावकरी, एक घोडेस्वार, एक टाउन सेंटर. तिथून पुढे सगळं तुमच्या हातात. आणि गोची तिथेच आहे. पाच जणांच्या टीमचा गेम असता तर हरल्यावर 'आपला तो चौथा कोण होता रे' म्हणता आलं असतं. इथे चौथा नाही, दुसराही नाही.

माझी पहिली रँक्ड मॅच मी कधीच विसरणार नाही. हात बर्फासारखे गार. रानडुक्कर आमिष दाखवून गावापर्यंत आणायचं असतं. कॉम्प्युटरविरुद्ध हे मी शंभरदा केलेलं. त्या दिवशी एक क्लिक चुकली आणि डुकराने माझा गावकरी मारला. एक गावकरी म्हणजे पन्नास अन्न आणि पंचवीस सेकंद, एवढंच नुकसान! पण मी पुढची पाच मिनिटं त्या एका गावकऱ्याचं सुतक पाळत बसलो. तेवढ्यात टाउन सेंटर रिकामं पडलं, घरं बांधायची राहिली. खरं हरलो ते तिथे. नंतर चार महिने बटण नाही.

मित्रांचे सल्ले ठरलेले. 'अरे गेमच आहे, चिल कर.' हा सल्ला देणाऱ्याला एकदा माझ्या जागी बसवायला पाहिजे. छाती धडधडत असताना 'शांत हो' म्हटल्याने कोण शांत झालंय? यावर हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांचा २०१४ चा शोधनिबंध आहे. लोकांना भाषणाआधी काहींना 'मी शांत आहे' तर काहींना 'मी एक्साइटेड आहे' असं म्हणायला लावलं. दुसऱ्या गटाची भाषणं ऐकणाऱ्यांना जास्त पटली. कारण सरळ आहे. भीतीत आणि उत्साहात शरीर सारखंच तापलेलं असतं, नाव बदलणं सोपं. तापलेलं इंजिन एका सेकंदात गार करणं अवघड. मी करून बघितलं. थोडा फरक पडला, खोटं कशाला बोलू. पण बटण काही दाबलं जाईना.

डोक्यात प्रकाश पडला तो नाशिकला, दिवाळीत. आत्तेभावाचा लॅपटॉप, त्याचंच खातं, त्याचं रेटिंग माझ्याहून अडीचशेने जास्त. तो म्हणाला, "दादा, एक खेळून बघ ना." मी बसलो आणि एकदम बिनधास्त खेळलो! हात गरम, डोकं जागेवर, डुक्कर सुखरूप गावात. चक्क जिंकलोही. दुसरी मॅच हरलो तेव्हा तो किंचाळला, "दादा, माझे पॉइंट गेले!" आणि मी हसत होतो.

समोर खेळाडू तसाच, माझी बोटं तीच, गेम तोच. बदललं होतं फक्त आकड्याशेजारचं नाव. म्हणजे मला हरायची भीती नव्हतीच, माझ्या नावापुढे आकडा लागायची होती. आणि ही भीती आपल्याला कुणी शिकवायला नको. दहावीचे टक्के, बारावीनंतर कॅप राउंडच्या यादीतला नंबर, आता दर वर्षी अप्रेझलचं रेटिंग. आकडा आला की शेजारच्या काकूंपासून मॅनेजरपर्यंत सगळे त्यावरून माणूस मोजतात, आणि हळूहळू आपणही मोजायला लागतो.

पण गेमचं रेटिंग त्या जातीचं नाही, हे मला इंजिनिअर असून इतक्या उशिरा कळलं याची लाज वाटते. ही पद्धत मुळात बुद्धिबळातली, आर्पाड एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाची. फिडेने ती १९७० मध्ये घेतली. तिच्यात दोनशे गुणांचा फरक असला तर वरच्याने चारात साधारण तीन डाव जिंकावेत अशी अपेक्षा. फरक शून्य तर निम्मे. आणि बटणामागचं यंत्र शोधतं कोणाला? फरक शून्याच्या जवळ असलेल्यालाच! म्हणजे मी कितीही शिकलो तरी साधारण निम्म्या मॅचेस हरणारच. हरणं ही यंत्रातली बिघाडाची खूण नव्हे, त्याच्यावरच ते चालतं. थर्मामीटर काखेत धरायला घाबरून ताप कळत नाही. शिवाय परीक्षेचा निकाल पुसता येत नाही, इथे हरलेले पंधरा-सोळा गुण पुढच्या मॅचला परत मिळतात.

बाकी किरकोळ उपाय: पहिल्या दहा मिनिटांची कामं पाठ करून ठेवली, म्हणजे डोकं बंद पडलं तरी बोटं चालतात. 'जिंकायचं' ऐवजी 'टाउन सेंटर रिकामं ठेवायचं नाही' एवढंच लक्ष्य. बसायच्या आधी हात गरम पाण्याने धुतो (हसू नका, खरंच उपयोग होतो). एक उपाय मात्र मला पटत नाही, दुसरं खातं काढून खालच्या रेटिंगच्या लोकांत खेळायचा. आपल्या भीतीची किंमत तिकडचा नवशिका का मोजेल? नाशिकच्या त्या दोन मॅचेसबद्दलही, आता विचार केला तर, आत्तेभावाची माफी मागायला हवी.

भीती गेली का? नाही. दोनशेच्या वर मॅचेस झाल्या, अजून सुरुवातीला छाती धडधडते. जाईपर्यंत थांबलो असतो तर अजून हॉटकीजच तपासत बसलो असतो. रेटिंग आठशेच्या खाली गेलं होतं, आता साडेनऊशेच्या आसपास आहे. ऑफिसात कुणाला सांगावं असं ते काही नाही.

गेल्या शनिवारी आई आली होती. तीन मॅचेस खेळलो. दोन हरलो, त्यातली शेवटची तर जिंकत आलेली. हेडफोन काढला तर ती दारात उभी.

"संपली का रे तुझी लढाई?"

"हरलो."

"बरं. भात गरम करू का परत?"