हायमास्ट, बिबट्या आणि देवयानी

मंडळी, येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आपल्या गावात आणखी चार हायमास्ट बसवायचा विषय येणार आहे. चौकातला एक आहेच. माझा विरोध दिव्यांना नाही, या चार हायमास्टना आहे. त्याचं कारण जरा लांबून सांगावं लागेल. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

गेल्या दीड वर्षापासून मी आकाशाचे फोटो काढायला शिकतोय. चंद्र आणि ग्रह बरेच जण काढतात, मला त्याच्या पलीकडचं काढायचंय. तेजोमेघ, तारकागुच्छ, दीर्घिका. इंग्रजीत याला डीप स्काय म्हणतात. लोकांना वाटतं यासाठी लाखो रुपयांची दुर्बीण लागते. माझ्याकडे दुर्बीणच नाही. एक सेकंडहँड डीएसएलआर, ५० मिमीची साधी लेन्स, लग्नाचे फोटो काढणाऱ्या मित्राकडून आणलेला जड ट्रायपॉड, आणि ओळीने फोटो काढत राहणारा एक टायमर. एवढंच. अमावस्येच्या आसपास पाठीवर पिशवी टाकून माळाकडे जाणारा माणूस गावात कसा बघितला जातो ते वेगळं सांगायला नको. दोनदा मला पिशवी उघडून दाखवावी लागली आहे.

या कामातली पहिली अडचण म्हणजे पृथ्वी फिरते. आकाश तासाला १५ अंश सरकतं. कॅमेरा उघडा ठेवला की ताऱ्यांच्या रेघा होतात. त्यावर शिकाऊ लोकांचा एक ढोबळ हिशेब आहे : ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागा, तेवढे सेकंद उघडा ठेवा. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्यामुळे ५० ची लेन्स ७५ सारखी वागते, म्हणजे हातात जेमतेम साडेसहा सेकंद. मी पाचच घेतो. पाच सेकंदांत अशा अंधुक वस्तूचा किती उजेड जमा होणार? म्हणून तसे दोनशे फोटो काढायचे आणि घरी संगणकावर एकावर एक बसवायचे. डीपस्कायस्टॅकर आणि सिरिल ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, ती ताऱ्यांना तारे जुळवून हे काम करतात. प्रत्येक फोटोत दाणेदार खरखर असते, पण ती दर वेळी वेगळ्या जागी पडते. तेजोमेघ मात्र दर वेळी जागच्या जागी असतो. सगळ्यांची सरासरी काढली की खरखर विरते आणि तेजोमेघ उरतो. चौपट फोटो काढले की खरखर निम्मी होते. लेन्सला झाकण लावूनही थोडे फोटो काढावे लागतात, त्यावरून कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष वजा करता येतात. झाकण लावून फोटो काढणारा माणूस बघून आमच्या घरात काय चर्चा झाली ते जाऊ द्या.

सध्या संध्याकाळी डोक्यावर देवयानी असते. तिथली दीर्घिका, मेसियरच्या यादीत ३१ वी, आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे. तिथून निघालेला जो उजेड आज माझ्या लेन्समध्ये येतो, तो निघाला तेव्हा आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर नव्हता. आणि ती लहान नाही बरं का! आकाशात सहा पौर्णिमेचे चंद्र ओळीने मांडले तर जेवढी जागा लागेल, साधारण तेवढी तिची लांबी आहे. ती दिसत नाही याचं कारण तिचा अंधुकपणा. खऱ्या अंधारात नुसत्या डोळ्यांनी धुक्याचा ठिपका दिसतो.

आता मुद्द्यावर येतो. याच देवयानीचे मी दोन वेळा दोनशे-दोनशे फोटो काढले. एकदा घराच्या गच्चीवरून, जिथून चौकातला हायमास्ट अडीचशे मीटरवर आहे. दुसऱ्यांदा नाणेघाटाच्या पठारावरून. कॅमेरा तोच, लेन्स तीच, पाच सेकंदही तेच. पठारावरच्या चित्रात मधला उजळ गाभा आणि त्याभोवती लंबगोल धुकं स्वच्छ आलंय. गच्चीवरच्या चित्रात दुधाळ राखाडी पडदा आहे आणि त्यावर एक डाग. तो डाग म्हणजे देवयानी, हे मला सांगावं लागतं.

कुणी म्हणेल, मग गच्चीवरून जास्त वेळ काढ. हिशेब करून बघा. आकाश दहापट उजळ असेल तर तेवढ्याच दर्जाच्या चित्राला साधारण दहापट वेळ लागतो. दोनशे फोटो म्हणजे सतरा मिनिटांचं काम, त्याचे पावणेतीन तास होतात. आकाशाचा उजेड सॉफ्टवेअरने वजा करता येतो, पण त्या उजेडासोबत आलेली खरखर वजा होत नाही. दुसरं कुणी म्हणेल, फिल्टर लाव. पूर्वी चाललं असतं. जुने पिवळे सोडियमचे दिवे मुख्यतः एका अरुंद पट्टीतच उजेड टाकायचे, तेवढी पट्टी फिल्टरने कापली की बरंचसं काम व्हायचं. पांढऱ्या एलईडीचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला असतो. काही तेजोमेघ हायड्रोजनच्या ठरावीक लाल रंगात चमकतात, त्यांच्यासाठी खास फिल्टर मिळतात. दीर्घिकेचा उजेड मात्र ताऱ्यांचा, तोही सगळ्या रंगांतला. दिव्याचा उजेड कापायला गेलं तर दीर्घिकाही कापली जाते. म्हणजे लाख रुपयांचा कॅमेरा घेऊन गच्चीवर बसणाऱ्यापेक्षा माझ्यासारखा शिकाऊ माणूस जुन्या कॅमेऱ्यासह अंधाऱ्या माळावर जास्त श्रीमंत आहे. अंधार विकत मिळत नाही, तो गावानेच राखावा लागतो. म्हणून हा माझ्या छंदापुरता विषय राहत नाही.

आपल्या जुन्नर तालुक्याला तर हे जास्त लागू आहे. खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. गिरवलीला आयुकाची दोन मीटर आरशाची दुर्बीण आहे, २००६ पासून. डॉ. जयंत नारळीकरांनी उभ्या केलेल्या संस्थेने दुर्बिणीसाठी आपल्या भागातला डोंगर निवडला, यात तिथल्या काळोखाचाही वाटा आहेच. खोडदच्या डिश रेडिओ लहरी ऐकतात, त्यांना दिव्याच्या उजेडाचं काही नसतं, आणि त्यांच्या शांततेची काळजी सरकार घेतं. त्यापायी नाशिक-पुणे रेल्वेच्या मार्गाचा केवढा वाद झाला तो आपण पाहिलाय. उजेडासाठी मात्र असं काहीच नाही. आवाजाच्या प्रदूषणाचे नियम २००० साली आले, प्रकाशासाठी देशात तसे स्वतंत्र नियम नाहीत. फ्रान्सने २०१८ मध्ये केले. दिवा वर उजेड फेकणारा नसावा, फार पांढरा नसावा, हेसुद्धा तिथे लिहून ठेवलंय.

२०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. जगभरच्या ५१ हजारांवर सामान्य लोकांनी आपल्या अंगणातून केलेल्या नोंदींवरून काढलेला. २०११ ते २०२२ या काळात रात्रीचं आकाश दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत गेलं. ज्या ठिकाणी जन्माच्या वेळी २५० तारे दिसत होते, तिथे ते मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत शंभरच उरतील, असा त्याचा अर्थ त्यांनी सांगितला. यातल्या बहुतेक नोंदी युरोप-अमेरिकेतल्या आहेत. आपल्याकडे काय झालं असेल? २०१५ पासून देशभर एक कोटीहून जास्त पथदिवे एलईडी झाले. वीज वाचली, चांगलंच झालं. पण दिवा बदलताना तो कुठे तोंड करून आहे हे किती ठिकाणी कुणी पाहिलं?

आपल्या पंचांगात मृग आहे, रोहिणी आहे, कृत्तिका आहे. 'मृग बरसला' हे शेंबडं पोरही म्हणतं. पण सध्या रात्री नऊ वाजता पूर्वेला चढलेला मृग बोटाने दाखव म्हटलं तर आपल्या शाळेतली किती मुलं दाखवतील? जुनी माणसं मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांना तिकांडं म्हणायची, सप्तर्षींना बाजलं. घड्याळ नसताना त्यावरून पहाट ओळखून मोटेला जायची. त्या तिकांड्याच्या जरा खाली मृगाचा तेजोमेघ आहे. तिथे आजही नवे तारे जन्माला येतायत, आणि शिकाऊ माणसाच्या कॅमेऱ्यात पहिल्याच रात्री जो गुलाबी दिसतो तो हाच.

आता गावातला खरा प्रश्न. परवा पारावर एक काका म्हणाले, "तुला फोटो काढायचेत म्हणून आम्ही अंधारात राहायचं का? बिबट्या तुझ्या घरात शिरला म्हणजे कळेल." प्रश्न रास्त आहे. बिबट्याची भीती आपल्या तालुक्यात ज्याला नाही तो एकतर पुण्यात राहतो किंवा खोटं बोलतो. त्यामुळे याचं उत्तर नीटच द्यायला हवं.

चौकातल्या हायमास्टखाली उभे राहा आणि उसाच्या फडाकडे बघा. काही दिसतं का? डोळ्यांत एवढा झगझगीत उजेड शिरतो की बाहुली आकसते आणि दिव्याच्या पलीकडचा अंधार आणखी दाट होतो. बारा मीटर उंचीवरचे फ्लडलाइट तिरके लावलेत, त्यातला बराच उजेड खालच्या रस्त्यावर येतच नाही. आडवा जातो, समोरच्या घराच्या खिडकीत जातो, आकाशात जातो. माझ्या गच्चीची भिंत रात्री एक वाजता पांढरीफटक असते आणि शाळेमागची बोळ, जिथून बाया पहाटे दूध घालायला जातात, ती मात्र काळीकुट्ट. बिबट्याचा धोका त्या बोळीत आहे. गोठ्यापाशी आहे. आणि रात्री दोन वाजता उसाला पाणी धरणाऱ्या माणसाला आहे, कारण मोटारीची वीज रात्रीच्या पाळीला येते. चौकातल्या चारच काय, चाळीस हायमास्टचा उजेडही त्याच्या सऱ्यांपर्यंत पोचणार नाही. त्याला दिवसा वीज हवी. ग्रामसभेने त्याचा ठराव एकमुखाने करावा, मी पहिली सही करतो.

आणि बिबट्या सांगू नका, पेंचला वाघ आहेत! नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये 'डार्क स्काय पार्क'चा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. देशातला पहिला. त्यासाठी सिल्लारी, वाघोली, पिपरिया, खापा या गावांतले दिवे काढून गावं अंधारात ढकलली नाहीत. शंभरावर दिवे बदलून खाली तोंड असलेले बसवले. लडाखला हानलेमध्ये २०२२ मध्ये राखीव आकाश जाहीर झालं, तिथल्या गावकऱ्यांना दुर्बिणी देऊन, शिकवून पर्यटकांना आकाश दाखवायला लावलं. आपल्याला २०१८ मध्ये पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला. शिवनेरी, लेण्याद्री, नाणेघाट, माळशेज सगळं आहे. शिवाय मुंबई-पुण्याच्या माणसाला गाडीने तीन-चार तासांत गाठता येईल असं आकाश अजून थोडं शिल्लक आहे. 'थोडं' मुद्दाम म्हणतो. नाणेघाटावर उभं राहिलं की पश्चिमेला कल्याण-मुंबईचा उजेड दिसतो, दक्षिणेला चाकण-पुण्याचा. तो आपल्या हातात नाही. चौकातला आहे.

मग मागायचं काय? हायमास्टच्या पैशात बोळीबोळीत पाच-सहा मीटरचे साधे खांब, दिवा सपाट आणि वरून झाकलेला, म्हणजे सगळा उजेड पायाखाली. रंग पिवळट, तीन हजार केल्व्हिनच्या आत. ६५०० चा निळसर पांढरा नको. निळा उजेड हवेत जास्त विखुरतो, दिवसा आकाश निळं दिसतं तेही त्याचमुळे. रात्री अकरानंतर निम्म्या तेजावर जाणारे दिवे मिळतात. गोठ्यापाशी आणि शाळेमागे हालचाल झाली की लागणारे सेन्सरचे दिवे बसवा, त्यात माझा काही आक्षेप नाही. ड्रॅगनफ्रूटवाले बागेत बल्ब लावतात तेही मी बंद करा म्हणत नाही, तो पोटाचा प्रश्न आहे. मात्र त्यांनाही एक टोपी बसवली तर उजेड झाडावरच पडेल. वीजबिल थकलं म्हणून गावाचे पथदिवे तोडल्याच्या बातम्या आपण वाचतो. आकाशात जाणाऱ्या उजेडाचंही बिल येतंच की. निधी आलाय तर खर्च करावा लागतो, हे उत्तर मला सदस्यांपैकी एकाने दिलं. खर्च कराच, फक्त खांब कुठला ते आधी ठरवा.

कुणी काजव्यांचाही विचार करावा. मे-जूनमध्ये भंडारदऱ्याकडे लोक गाड्या भरून काजवे बघायला जातात. आपल्या ओढ्यावरही ते होते. काजवा जोडीदार शोधतो तो स्वतःच्या लुकलुकण्यावर, आणि फ्लडलाइटपुढे त्याचं काही चालत नाही.

अर्ज लिहून तयार आहे, सह्या हव्या आहेत. दुकानात ठेवलाय. ग्रामसभेच्या आधीच्या अमावस्येला संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ शाळेच्या मैदानावर मी कॅमेरा आणि लॅपटॉप घेऊन बसणार आहे. देवयानी आणि मृगाचा तेजोमेघ सगळ्यांसमोर काढून दाखवतो. गच्चीवरचा आणि पठारावरचा असे दोन्ही फोटो छापून आणतो, शेजारी शेजारी लावू. चौकातला हायमास्ट तेवढा वेळ बंद ठेवायला सरपंचताई हो म्हणाल्या आहेत, त्यांचे आभार. पारावरच्या काकांनी तर नक्की यावं, पहिला फोटो त्यांच्या हाताने काढू. पोरांना एकटं पाठवू नका, सोबत या आणि सोबतच परत जा. थंडी आहे, कानटोप्या आणा. आणि बॅटरी आणणार असाल तर तिच्या काचेवर लाल जिलेटिन कागद लावून आणा.