घागरा नव्हे, किल्ट!



दिवाळीच्या पत्रकात "पारंपरिक पोशाखात यावे" अशी ओळ होती. आमचा धाकटा ट्वीडचा किल्ट घालून आला. शनिवारच्या नोकरीचे पैसे साठवून त्यानं तो शिवून घेतला होता. दारातच एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं, "काय रे, बहिणीचा घागरा घालून आलास?" सगळे हसले. मीही हसलो, हे कबूल करतो. पोरगा जेवणाआधीच घरी गेला आणि संक्रांतीला आलाच नाही. म्हणून हे चार शब्द.

विचारणाऱ्यांच्या अंगावर सूट होता. माझ्याही. हॉलमधले निम्म्याहून अधिक पुरुष सुटातच होते. सूट आपल्या परंपरेत कधी बसला, हे मात्र कुणी विचारलं नाही.

आपण स्कॉटलंडमध्ये इतकी वर्षं राहतो, पण किल्ट आपल्याला माहीत आहे तो लग्नातला आणि बॅगपाइपवाल्यांचा. मूळचा किल्ट म्हणजे न शिवलेलं लांबलचक लोकरी कापड. चुण्या घालून ते कमरेला पट्ट्यानं आवळायचं आणि उरलेलं खांद्यावर टाकायचं. धोतर-उपरण्याच्या माणसाला यात परकं काय वाटावं? आजचा आखूड, शिवलेल्या चुण्यांचा किल्ट अठराव्या शतकात रूढ झाला. परंपरागत किल्टला आठ वार कापड लागतं. आपल्या नऊवारीहून एकच वार कमी!

१७४६ साली, कलोडनच्या लढाईनंतर, सरकारनं हायलँडच्या पोशाखावर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षं समुद्रापार हद्दपारी. सूट होती फक्त लष्करातल्या लोकांना. १७८२ साली बंदी उठली. मग १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, त्या सोहळ्याची आखणी सर वॉल्टर स्कॉटनं केली, राजानं स्वतः किल्ट घातला, आणि कालपर्यंतचा गुन्हा साऱ्या देशाचा मानाचा पोशाख झाला. अमक्या घराण्याचं अमकं टार्टन हा हिशेबही बहुतांशी त्याच काळात पक्का झाला. म्हणजे "अनादी काळापासून" वगैरे काही नाही. लोकांनी वापरलं, म्हणून ती परंपरा झाली.

ट्वीडची गोष्ट त्याहून साधी. एकोणिसाव्या शतकात हायलँडमधल्या जमीनदारांनी आपापल्या डोंगराच्या रंगाचं ट्वीड विणून घेतलं. राखणदार आणि शिकारी हेदर, नेचे आणि खडकांत मिसळून जावेत, हा हेतू. टार्टन घराणं सांगतं, तर हे ट्वीड जागा सांगतं. हॅरिस ट्वीडला तर १९९३ पासून स्वतंत्र कायदाच आहे. आउटर हेब्रिडीज बेटांवरच्या विणकरांनी आपल्या घरी हातमागावर विणलं, तरच त्याला हॅरिस ट्वीड म्हणायचं. येवल्याच्या पैठणीची कदर करणाऱ्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

आमच्या मुलानं टार्टन न घेता ट्वीड का घेतलं, हे मी नंतर विचारलं. तो म्हणाला, "बाबा, मी कुठल्या क्लॅनचा नाही. पण इथला आहे." यावर मला उत्तर सुचलं नाही.

एका स्नेह्यांनी वेगळाच मुद्दा काढला. १८०३ साली असईला शिंद्यांच्या फौजेशी लढले त्यांत ७४ आणि ७८ या हायलँडर पलटणीही होत्या, मग त्यांचा पोशाख आपण का मिरवावा? गोष्ट खरी आहे, आणि ती मुलांना जरूर सांगावी. पण त्या लढाईचा सेनापती वेलस्ली काही किल्टवाला नव्हता. त्याच्या देशाचे कोट-पाटलोण आपण बिनतक्रार घालतोच ना?

मुलांनी काहीही घालावं असं माझं म्हणणं नाही. घालायचं ते नीट घालावं. किल्टच्या चुण्या मागे, सपाट बाजू पुढे, कड गुडघ्याच्या मध्यावर, आणि पिन फक्त वरच्या पदराला. आमच्या मुलाला हे सगळं येतं. धोतर नेसायला मात्र येत नाही, कारण मी कधी शिकवलंच नाही. मलाच धड येत नाही! तो दोष किल्टचा कसा?

तेव्हा कार्यकारिणीला दोन विनंत्या. पत्रकातली ती ओळ बदलून "आपल्याला प्रिय अशा पोशाखात यावे" असं छापावं. आणि पाडव्याच्या आधी एका रविवारी धोतर आणि नऊवारी नेसायला शिकवण्याचा वर्ग ठेवावा. पहिलं नाव माझं लिहून घ्या. मुलाला मी विचारलंय. किल्ट कसा घालायचा ते दाखवायला तो येईन म्हणाला आहे, पण दारात कुणी हसणार नसेल तरच.

— एक सभासद